लाल डोळ्यांवरचं औषध

मी दिल्लीत कलेक्टर व्हायला आलो आणि एका फुटबॉल क्लबचा मॅनेजर झालो. मॅनेजर हा शब्द मोठा आहे. संघ घडवणं, कुणाला खेळवायचं ते ठरवणं, हे सगळं कोच बघायचे. माझ्याकडे पाण्याचे क्रेट, जर्सीची धुलाई, बसचं बुकिंग, आणि बाहेरच्या देशातून आलेल्या खेळाडूंचे व्हिसाचे कागद. वाशिम जिल्ह्यातल्या एका गावातून मी इथे आलो, आठ वर्षं यूपीएससीच्या अभ्यासात मुखर्जीनगरात काढली, सगळे अटेम्प्ट संपले आणि घरी परत जायला तोंड नव्हतं म्हणून जी पहिली नोकरी मिळाली ती धरली. हिंदूराव हॉस्पिटलच्या मागच्या उतारावर, मलकागंजमध्ये माझी खोली होती आणि मैदान गुरुग्रामच्याही पलीकडे. रोज जायला पावणेदोन तास लागायचे.

क्लब एका बिल्डरच्या हौसेचा होता. देशातल्या दुसऱ्या फळीच्या लीगमध्ये आम्ही खेळायचो आणि बहुतेक वेळा हरायचो. एका ऑगस्टमध्ये मालकांनी रोमानियाचा गोलकीपर आणला. मी त्याला घ्यायला एअरपोर्टवर गेलो. पस्तिशीचा, सव्वासहा फूट उंच, डोक्याचा गोटा केलेला, डाव्या हाताची करंगळी कायमची वाकडी. त्याच्या नावाचा कागद मी घाईत उलटा धरला होता. त्याने तो माझ्या हातातून घेतला, सुलटा केला, परत माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आता बरोबर आहे, शेफू."

शेफू म्हणजे त्यांच्याकडे साहेब. टॅक्सीवाल्यापासून मंत्र्यापर्यंत कुणालाही म्हणतात, असं त्याने नंतर सांगितलं. तो मलाही शेफूच म्हणायला लागला.

त्याचं इंग्रजी सायप्रसमध्ये शिकलेलं, माझं पेपरातले अग्रलेख वाचून. दोघांचंही मोडकंच होतं, पण वेगवेगळ्या ठिकाणी मोडलेलं, त्यामुळे आमचं जमायचं. दिल्लीतली माणसं भराभर इंग्रजी बोलायला लागली की त्याला काही कळायचं नाही. मग तो माझ्याकडे वळून बघायचा आणि मी तेच वाक्य हळू, सोपं करून सांगायचो. कोच काय म्हणाले, घरमालक काय म्हणाला, बँकेतली मॅडम काय म्हणाली. माझ्या नोकरीतलं हे एकच काम मला मनापासून आवडायचं.

पंधरा-वीस दिवस झाल्यावर एका रविवारी मी त्याला कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनाच्या कँटीनमध्ये जेवायला नेलं. तिथे पिठलं-भाकरी होती. ताटातलं पिवळंधमक पिठलं बघून त्याचा चेहरा एकदम उजळला. त्यांच्याकडे मक्याच्या पिठाचं असंच पिवळं काहीतरी करतात, रोजचं जेवण तेच. त्याने मोठा घास घेतला आणि थांबला. "हे ते नाही," म्हणाला. पण संपवलं सगळं, आणि पुन्हा मागूनही घेतलं. त्या जेवणात आणि नंतर बाहेर झाडाखाली उभं राहून चहा पिताना त्याने मला त्याची सगळी गोष्ट सांगितली.

तो कोळशाच्या खाणी असलेल्या एका खोऱ्यातला. वडील खाणीत होते. तो अकरा-बारा वर्षांचा असताना खाणी बंद व्हायला लागल्या आणि गावातले निम्मे बाप घरी बसले. त्याच वर्षी दूरच्या शहरातल्या क्रीडाशाळेचे एक मास्तर मुलं निवडायला आले. त्यांनी सगळ्या मुलांना टेबलावर पंजे पसरून ठेवायला सांगितले. याचा पंजा सगळ्यांत मोठा. "मला फुटबॉल येतो का, हे कुणी विचारलंच नाही," तो म्हणाला. शाळेच्या वसतिगृहात सहा वर्षं. विसाव्या वर्षी पहिल्या दर्जाच्या क्लबमध्ये दुसरा गोलकीपर. पहिल्याचा पाय मोडला आणि याला अकरा सामने मिळाले. ते अकरा सामने तो इतके चांगले खेळला की देशाच्या संघाच्या शिबिराला त्याला बोलावलं, तिसरा गोलकीपर म्हणून. चार दिवस. सामना नाही, फक्त सराव. छातीवर देशाचं नाव असलेला ट्रॅकसूट मिळाला, तो त्याने वडिलांना दिला. वडील तो घालून बाजारात जायचे.

महिन्याभराने त्याचा खांदा निखळला. बरा होऊन आला तोवर जागा गेली होती. मग दुसऱ्या दर्जाचे क्लब, मग सायप्रस, हंगेरी, माल्टा, ओमान. मधे लग्न, एक मुलगी, घटस्फोट. मुलगी आता चौदा वर्षांची, तीही क्रीडाशाळेत, तीही गोलकीपर, पण हँडबॉलची. "ती माझ्यापेक्षा चांगली आहे," तो म्हणाला. "खरंच सांगतो. बाप म्हणून नाही सांगत."

मग त्याने मला विचारलं, "तुझं काय, शेफू?"

मी माझे आठ वर्षांचे अटेम्प्ट सांगितले. शेवटच्या वेळी मुलाखतीपर्यंत गेलो होतो, तेही. तो म्हणाला, "म्हणजे तुलाही चार दिवस मिळाले."

ऑक्टोबर संपता संपता दिल्लीत धूर आला. आम्हाला त्याची सवय असते. घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात, आपण मास्क लावून कामाला जातो. त्याला ही सवय नव्हती. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याचे डोळे लालभडक झाले. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या. सरावात चेंडू पकडताना डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं.

मुखर्जीनगरात रात्रंदिवस वाचून माझे डोळे असेच लाल व्हायचे. तिथल्या केमिस्टकडे एक ड्रॉप मिळायचा. अभ्यास करणारी सगळी पोरं तोच घ्यायची. दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र. मी त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने मला ओळखलं.

"वही वाला?" त्याने विचारलं.

"हाँ, वही वाला."

त्याने बाटली काउंटरवर ठेवली. डॉक्टरांची चिठ्ठी मागितली नाही, आणि मागायला हवी असं मीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सराव सुरू होण्याआधी मी स्वतः त्याला बाकावर आडवं करून दोन्ही डोळ्यांत दोन-दोन थेंब घातले. तिसऱ्या दिवशी तो मैदानावर आला तेव्हा डोळे स्वच्छ होते. त्याने मला उचलून घेतलं. सगळे हसले. "शेफू, तू डॉक्टर आहेस!"

त्या बाटलीच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद असतो. बारीक अक्षरात दोन्ही बाजूंनी छापलेला. आठ वर्षं मी सरकारी अहवाल, समित्यांच्या शिफारशी, घटनेची कलमं खाली रेघा मारून वाचली. तो कागद मी एकदाही उघडला नाही.

थेंब थांबवले की चार-सहा दिवसांत डोळे पुन्हा लाल व्हायचे. मग पुन्हा थेंब. हिवाळा गेला, धूर गेला, तरी ते चालूच राहिलं. मी मुखर्जीनगरात गेलो की तीन-तीन बाटल्या घेऊन यायचो. त्या वर्षी तो चांगला खेळला. दिल्ली गेटजवळच्या स्टेडियममध्ये त्याने एक पेनल्टी अशी अडवली की समोरच्या संघाचे लोकही उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मालकांनी करार एक वर्षाने वाढवला. उन्हाळ्यात तो दीड महिना घरी गेला तेव्हा त्याच्या बॅगेत आठ बाटल्या मी भरल्या. तिकडे हे औषध मिळेल की नाही, म्हणून.

दुसऱ्या हंगामात काहीतरी बिघडलं. उजव्या बाजूने आलेले चेंडू आत जायला लागले. आधी एखादा, मग प्रत्येक सामन्यात. कोच म्हणाले, "उम्र हो गई है इसकी." तो स्वतः म्हणायचा, पाय जड झालेत. ड्रेसिंग रूमच्या दारावर त्याचा उजवा खांदा आपटायचा. एकदा गाडीत मी त्याच्या उजव्या हाताला बसून पाण्याची बाटली पुढे केली, तर ती तशीच माझ्या हातात राहिली. मला वाटलं, हरल्यामुळे रागावलाय. मी बाटली परत खाली ठेवली.

मग पुन्हा नोव्हेंबर आला, पुन्हा धूर. आता सगळ्यांकडे कारण होतं. एका सामन्यात समोरच्या संघाच्या पोराने त्याच्या उजव्या हाताच्या कडेवरून लांबून चेंडू मारला. तसा काही जोराचा नव्हता. तो जागचा हललासुद्धा नाही. चेंडू त्याच्यापासून दोन हातांवरून आत गेला आणि तो पुढेच बघत उभा. जाळी हलल्याचा आवाज आल्यावर त्याने मान वळवली. बाकावरचे सगळे म्हणाले, धुरात दिसलं नसेल. मीही तेच म्हणालो.

त्यानंतर आठवड्याभरात सकाळच्या सरावात त्याच्या डाव्या डोळ्यात माती गेली. त्याने ग्लोव्ह काढला आणि तळहाताने तो डोळा दाबून धरला. मी पाणी घेऊन धावलो. तो तसाच उभा होता, डावा डोळा झाकून, उजवा उघडा. सकाळचे नऊ वाजले होते.

"शेफू," तो म्हणाला, "अंधार का झाला?"

मी त्याच्या समोर उभा होतो. त्याने हात काढला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा डावा डोळा झाकला. पुन्हा काढला. असं चार-पाच वेळा केलं. मग ग्लोव्ह उचलून तो गोलपोस्टकडे परत जायला निघाला. मी त्याचा हात धरला.

आधी चष्म्याच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने एक मिनिट मशीनमधून बघितलं आणि आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलला जा म्हणून सांगितलं. हॉस्पिटलमध्ये तीन तास बसल्यावर नंबर आला. डॉक्टर तरुण होत्या, माझ्यापेक्षाही लहान असतील. त्याला एका अंधाऱ्या खोलीत तपासणीला पाठवलं, आणि तेवढ्यात त्यांनी मला औषधं काय चालू आहेत ते विचारलं. मी खिशातून बाटली काढली. नेहमी एक माझ्याकडेच असायची.

"ये किसने दी?"

"केमिस्ट ने," मी म्हणालो.

"कब से डाल रहे हैं?"

"एक साल हुआ."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "एक साल? ये हफ़्ते भर की दवा है. इसमें स्टेरॉइड है. कुछ लोगों की आँख का प्रेशर बढ़ जाता है इससे, पता भी नहीं चलता. नस सूख जाती है."

तो बाहेर आला. डॉक्टरांनी समोर बसवून त्याला सगळं सांगितलं, इंग्रजीत, भराभर, कारण दारात पन्नास माणसं उभी होती. उजवा डोळा जवळजवळ गेला आहे. डावा अर्धा शिल्लक आहे. गेलेलं परत येत नाही, उरलेलं वाचवायचा प्रयत्न करू. मग विचारलं, घरात कुणाला काचबिंदू होता का? काचबिंदूचा इंग्रजी शब्द त्याला कळला नाही, मी सोपा करून सांगितला. तो म्हणाला, वडिलांना. म्हातारपणी ते भिंतीला हात लावून चालायचे. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाल्या की मग धोका आधीपासूनच जास्त होता, त्यात हे स्टेरॉइड, हे आजपासून पूर्ण बंद.

त्याला शेवटचं वाक्य समजलं नाही. नेहमीसारखा तो माझ्याकडे वळला. "काय म्हणतात?"

मी म्हणालो, "हा आजार वडिलांकडून आलाय, असं म्हणतात. जुने थेंब बंद करायचे, नवीन देतील."

त्याने मान हलवली. डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं.

त्या दिवशी मी तसं का बोललो याचं कारण मी स्वतःला अनेक प्रकारे सांगून पाहिलं. त्याला धक्का बसेल म्हणून. माझी नोकरी जाईल म्हणून. संध्याकाळी शांतपणे सांगू म्हणून. खरं एवढंच आहे की तो माझ्याकडे विश्वासाने बघत होता आणि मला तसंच बघितलेलं हवं होतं.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. प्रेशर थोडं उतरलं. क्लबने महिनाभर त्याला ज्युनिअर गोलकीपरना शिकवायला ठेवलं. तो उभा राहून तोंडाने सांगायचा, पाय असे, कोपर आत. पण दाखवायला जायचा आणि पोरांचे साधे चेंडूही त्याच्या हातातून निसटायचे. पोरं मग हळू मारायला लागली. एके दिवशी एकाने चेंडू हाताने गडगडत त्याच्याकडे पाठवला. त्याने तो उचलला, बाजूला ठेवला आणि मला म्हणाला, "तिकीट काढ."

जानेवारीत तो गेला. एअरपोर्टवर ट्रॉली मी ढकलत होतो, त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. मी सांगायचं ठरवून गेलो होतो. रांगेत उभं असताना त्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, "तू नसतास तर माझं इथे काय झालं असतं?" मग मी काहीच सांगितलं नाही.

तो खोऱ्यातल्या त्याच्या गावी बहिणीकडे राहायला गेला. दर रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा, तिकडे तेव्हा सकाळ असायची. तिकडच्या डॉक्टरांनी पूर्वी काय औषध घ्यायचात असं विचारलं होतं. तो म्हणाला, धुरासाठी साधे थेंब, आणि त्यांनी पुढे विचारलं नाही. बहिणीचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पायऱ्या मोजून उतरतो म्हणाला. डाव्या डोळ्याची नजरही हळूहळू आखडत चालली होती. रस्त्यातली माणसं एकदम समोर उगवतात, म्हणाला, बाजूने येताना दिसतच नाहीत.

आठ-नऊ महिने असे गेले. मग एका रविवारी त्याने सांगितलं की मुलीला क्रीडाशाळेतून काढलं. हा आजार घराण्यात आहे, हे त्यानेच तिच्या आईला कळवलं होतं. हँडबॉल लांबून येत नाही, चार पावलांवरून तोंडावर येतो. आई घाबरली. डोळ्यावर एक जरी बसला तर? मुलीने दोन दिवस खोलीचं दार उघडलं नाही. शेवटी बापानेच फोनवर तिची समजूत घातली.

"मीच सांगितलं तिला, सोड," तो म्हणाला. "बरोबर केलं ना, शेफू?"

मी म्हणालो, "हो."

त्यानंतर चार रविवार मी फोन उचलला नाही. मी त्याच हॉस्पिटलमध्ये गेलो. त्या डॉक्टर बदलून गेल्या होत्या, दुसरे होते. मी त्यांना सगळं सांगून मुलीबद्दल विचारलं. ते म्हणाले, वर्षातून एकदा प्रेशर तपासायचं, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावायचा, बास. खेळ कशाला बंद करायचा? आणि मुलीच्या वडिलांचा आजार आधीचा की औषधाचा, हे आता कुणीच सांगू शकणार नाही, पण वर्षभर तो ड्रॉप घातल्यावर दुसरं कारण शोधायची गरज नाही.

पाचव्या रविवारी मीच फोन लावला. उभा राहून बोललो, बसवत नव्हतं. सगळं सांगितलं. केमिस्ट, बाटली, डॉक्टर काय म्हणाल्या, मी त्याला काय म्हणालो. मुलीबद्दल डॉक्टर काय म्हणाले तेही.

माझं संपल्यावर त्याने विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"हॉस्पिटलमधल्या?"

"हो."

मागे बहिणीच्या घरातला रेडिओ वाजत होता. मग तो म्हणाला, "मी वर्षभर माझ्या बापाला शिव्या दिल्या. त्याच्या कबरीवर गेलो नाही."

मी म्हणालो, "मुलीला तरी परत पाठव. अजून वेळ गेलेली नाही."

"तिची जागा भरली," तो म्हणाला. "दुसरी मुलगी आली तिथे. तुला माहीत आहे जागा कशा जातात." आणि फोन ठेवला. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

क्लब पुढच्या वर्षी बंद पडला, मालकांची हौस फिटली. मी आता करोलबागेत एका कोचिंग क्लासमध्ये टेस्टचे पेपर वाटतो आणि वेळ संपली की गोळा करतो. महाराष्ट्रातून आलेली पोरं असतात. त्यांचे डोळे लाल दिसले की मी विचारतो, काय घालतोस? कुणी बाटली दाखवतं, कुणी म्हणतं, सर, तुम्हाला काय करायचंय? दोघा-तिघांच्या हातातून मी बाटल्या काढून घेतल्या, तर ऑफिसमध्ये तक्रार गेली. आता विचारत नाही.

त्याचा आणखी एकदा फोन आला, वर्षभराने, दिवसा, मी क्लासमध्ये असताना. बाहेर जिन्यात येऊन घेतला. आवाज खाली गेला होता. आता डाव्यातून उजेड कळतो, म्हणाला, माणसं नाही. मुलगी शहरात एका बेकरीत कामाला लागली आहे. मी विचारलं, ती खेळते का कधी, आपलं हौसेने? नाही म्हणाला. मग म्हणाला, दिल्लीत धूर आहे का? मी म्हणालो, आहे. "हं," म्हणाला. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, ज्यासाठी फोन केला ते. पण बहीण आली असावी, तो तिच्याशी त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलला आणि फोन कटला.

त्याने या वेळी मला शेफू म्हटलं नव्हतं, हे नंतर माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून तो नंबर लागत नाही. बहिणीचा माझ्याकडे नाही.